अष्टमीला पोळ्या जास्त लागतात

१

पाडव्याच्या दिवशी सकाळी साडेसातला माझा मुलगा रत्नाकर जिन्यावरून असा धडधडत खाली आला की मला वाटलं, वर आग लागली. हातात कॅसेटची डबी. उघडी. आत काही नाही.

"आई, टेप गेली."

मी पुरणयंत्राचा दांडा फिरवत होते. पुरण वाटताना मी कुणाला उत्तर देत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याचं तोंड बघून माझा हात थांबला.

"कुठली टेप?"

"गुरुजींची. संध्याकाळी सहाला लावायची ती."

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर तिकडे पुण्याच्या लोकांना वाटायचं की काशीत आम्ही नुसते घाटावर बसून असतो.

ब्रह्माघाटाच्या वरच्या गल्लीत माझं भोजनालय आहे. महाराष्ट्रातून येणारे यात्रेकरू जेवतात, आणि दुपारी शेजारच्या वेदपाठशाळेचे अकरा विद्यार्थी जेवतात. नवरा गेल्यापासून एकवीस वर्षं चूल मी थंड होऊ दिलेली नाही. वरच्या मजल्यावर रत्नाकरचं केबल. छतावर तबकडी, तबकडीतून तारा, तारा गल्लीतल्या घराघरांत. टीव्ही तर त्यावर दिसतोच, पण त्याच तारेचं एक टोक रेडिओच्या पाठीत खुपसलं, की आमच्या वरच्या खोलीत लावलेलं गाणं मंगलागौरीच्या देवळापर्यंत ऐकू येतं. ही अक्कल रत्नाकरची नव्हे, आदित्यची. तीन वर्षांपूर्वी दोघांनी मिळून हे स्टेशन सुरू केलं आणि नाव ठेवलं 'गल्ली रॉक'. दिवसभर इंग्रजी गाणी. गाणी म्हणायची आपली रीत म्हणून. गिटार किंचाळते, ढोल बदडतात आणि मध्येच कुणीतरी पोटात दुखल्यासारखा ओरडतो. पण गल्लीतल्या पोरांना आवडायचं. साडेतीनशे घरांत आमची तार होती.

मग चौकातला रोशन केबलवाला आला. चोवीस तास सिनेमाची गाणी. आमची तार कापून लोक त्याची जोडू लागले. होळीपर्यंत निम्मी घरं गेली. आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्याची माणसं तारांची भेंडोळी घेऊन आमच्याच गल्लीत, दारोदार येणार होती. तसा कागदच त्याने भिंतींवर चिकटवला होता.

तेव्हा रत्नाकरने ठरवलं, रॉक बंद. पाडव्यापासून स्टेशनचं नाव 'मंगलध्वनी'. सकाळी वेद, दुपारी अभंग, संध्याकाळी आरती. सिनेमाची गाणी कुणीही लावील; शिवराम गुरुजींचा आवाज कोण आणील? शहात्तर वर्षांत ह्या माणसाने आपला आवाज कुठल्या यंत्रात जाऊ दिला नव्हता. मी स्वतः जाऊन पदर पसरला तेव्हा हो म्हणाले. पाठशाळेत संथा चालली असताना टेप केली: गुरुजी एकदा म्हणतात, विद्यार्थी दोनदा म्हणतात. अट एकच, दुसरी प्रत काढायची नाही.

म्हणजे ती टेप गेली की सगळं गेलं. दारोदार सांगून झालं होतं, सहाला रेडिओ लावा, गुरुजी आहेत. सहाला रेडिओ मुका राहिला, तर सकाळी आठला येणाऱ्या माणसांना दार उघडायला कुणाला लाज वाटली असती?

"आदित्यच," रत्नाकर म्हणाला. "त्याचं रॉक बंद होतंय ना. सहापर्यंत टेप आली नाही तर त्याला हाकलतो. गुरुजींच्या देखत हाकलतो."

मी दांडा पुन्हा धरला, पण पुरण उतरेना. कारण आदित्य हा गुरुजींचा नातू.

२

आदित्यची गोष्ट सगळ्या ब्रह्माघाटाला पाठ आहे. आईबाप इटारसीला, रेल्वेत. पोरगा सातव्या वर्षी आजोबांकडे आला आणि वेद शिकायला बसला. आवाज असा की मी परातीत पीठ तसंच ठेवून खिडकीशी जाऊन उभी राहायचे. पंधराव्या वर्षी एक दिवस शेंडी कापून आला, म्हणाला, माझा ह्या कशावर विश्वास नाही. गुरुजी म्हणाले, मग उठ. तो उठला तो माझ्या माडीवर येऊन राहिला. त्याला सहा वर्षं झाली. दोन्ही दारांत चाळीस पावलांचं अंतर आणि दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत. खांद्यापर्यंत केस, कमरेला बैलाच्या गळ्यात शोभेल असा चामड्याचा पट्टा, आणि जेवायला मात्र माझ्याकडे.

"तू आधी गप बस," मी रत्नाकरला म्हटलं. "कुलूप तुटलंय?"

"नाही."

मग बाहेरचा कुणी नव्हता. वरच्या खोलीची किल्ली माझ्या चुलीसमोरच्या खिळ्याला असते. माझ्या नजरेसमोरून ती न विचारता नेणारा माणूस अजून जन्मायचाय. किल्ली मी चौघांनाच देते: रत्नाकर, आदित्य, शरदिनी आणि तारा ओढणारा विश्वेश्वर, ज्याला सगळे बिसेसर म्हणतात. रत्नाकर आपलीच टेप चोरणार नाही. एवढी बुद्धी असती तर बँकेत साहेब झाला असता. राहिले तिघे.

"आदित्य सकाळी वर गेला होता का?"

"तूच पाठवलंस ना, गुढी बांधायला. सहाला. तेव्हाच उचलली असणार."

ते खरं होतं. गुढी वरच्या खोलीच्या खिडकीत उभी राहते, आणि घरात उंच तोच. मी खालून अंगणातून बघत होते. एका हाताने काठी धरलेली, दुसऱ्या हाताने घसरणारी जीन्स सावरतोय.

"पट्टा कुठाय रे?" मी विचारलं होतं.

"काढलाय."

"पडशील खाली पँटसकट. आणि तांब्या कललाय बघ गुढीचा. सरळ कर."

"राहू द्या आजी, असाच ठीक आहे."

दरवर्षी मी 'सरळ कर' म्हणते आणि दरवर्षी तो सरळ करतो. ह्या वर्षी तसाच ठेवून उतरला. मला तेव्हा वाटलं, आज त्याचं स्टेशन बंद होतंय, पोराचं मन लागत नाही. सोडून दिलं.

रत्नाकरने तोवर माडी पालथी घातली होती. आदित्यची गिटारची पिशवी, गादी, बुटांचे खोके, सगळं. दीडशे रॉकच्या टेपा निघाल्या. सतरंजीवर, चपलांजवळ, कुठेही फेकलेल्या. गुरुजींची नाही.

मी पुरण झाकलं, हात धुतले आणि बिसेसरला बोलावणं पाठवलं. तो येताना खांद्यावर तारेचं भेंडोळं घेऊन आला. नवंकोरं, पिवळं.

आमची तार काळी असते. पिवळी रोशनची.

३

"ही कुणाची रे?" मी विचारलं.

बिसेसरने भेंडोळं पाठीमागे लपवलं. हाताएवढी मिशी आणि वागणं बघा.

"माई, रोशनवाले दे गए हैं. बोले, कल से हमारे साथ आओ."

"मग तू काय बोललास?"

"अभी कुछ नहीं बोले."

"आणि टेप नेऊन दिलीस त्यांना, शगुन म्हणून?"

त्याचा चेहरा पडला. "माई, आपके हाथ का खाते हैं. टेप काहे लेंगे? हमको तो उलटा अचरज हुआ था. पिछले बुध को भी तो गायब थी."

"काय? मागच्या बुधवारी?"

मग सांगितलं त्याने. मागच्या बुधवारी रत्नाकरने आवाज तपासायला त्याला मंगलागौरीजवळच्या घरात बसवलं होतं. वरून टेप लागणार होती, लागलीच नाही, कारण सापडलीच नाही. दुसऱ्या दिवशी गुरुवारी पाहिलं तर टेप आपल्या डबीत. रत्नाकरला वाटलं, आपलंच लक्ष नव्हतं. मला ह्यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नव्हतं. मी फक्त जेवायला घालायची.

"जा, आणि ते पिवळं दारात ठेवू नकोस माझ्या. सणासुदीचं."

शरदिनी आपणहूनच आली. मुलींच्या शाळेत गाणं शिकवते, गळा चांगला आहे आणि ते तिलाही माहीत आहे. मंगलध्वनीवर गुरुजींच्या नंतर तिचे अभंग लागणार होते. नंतर, हे तिला टोचत होतं.

"काकू, कळलं मला. वाईट झालं," ती म्हणाली, आणि लगेच, "मग सहाला माझी टेप लावणार का?"

"शरदे, तू परवा सोमवारी किल्ली मागायला आली होतीस. कशाला?"

ती पदराशी खेळायला लागली. चाळिशीची बाई, दोन मुलांची आई.

"खोटं बोलू नकोस. पुरणाचा दिवस आहे, माझ्याकडे वेळ नाही."

"माझी टेप गुरुजींच्या टेपेच्या वर ठेवायला गेले होते," ती म्हणाली. "म्हणजे रत्नाकरचा हात आधी तिच्यावर पडेल. वेडेपणाच. पण काकू, शप्पथ, तेव्हाही डबी रिकामीच होती. मला वाटलं, रत्नाकरने खाली तुमच्याकडे जपून ठेवली असेल."

"रविवारी तर रत्नाकरने वाजवून बघितली होती. मी इथे बसून ऐकली."

"ते मला माहीत नाही. सोमवारी नव्हती."

म्हणजे बुधवारी नाही, गुरुवारी आहे. रविवारी आहे, सोमवारी नाही. आज बुधवारी नाही. असा कसला चोर, जो नेतो, आणून ठेवतो आणि पुन्हा नेतो? माझ्या भांड्यांच्या बाबतीत शेजारणी असं करतात, पण त्या निदान वाटी परत करताना आत काहीतरी घालून देतात.

राहिला आदित्य. माडीवरच्या पायरीवर बसला होता, गिटार मांडीवर, वाजवत नव्हता. पट्टा अजूनही नव्हता. दोरीने जीन्स आवळली होती.

मी खालच्या पायरीवर बसले. गुडघे दुखतात म्हणून, नाहीतर मी कुणाच्या खाली बसत नाही.

"टेप तू घेतलीस?"

"तुम्हाला काय वाटतं, आजी?"

"मला काय वाटतं ते मी पाच वाजता सांगेन. तू आत्ता सांग."

तो म्हणाला, "रत्नाकरदादाला सांगा ना, उद्घाटन उद्या करा. मी काल पण म्हटलं त्याला. दो बार बोला."

"उद्या? उद्या आठला रोशनची माणसं दारात."

"सकाळी सहाला करा. ते यायच्या आत होईल. बस, एक दिन."

"आणि टेप?"

"होईल सगळं ठीक."

"आदित्य, रत्नाकर तुला हाकलणार आहे. तुझ्या आजोबांच्या समोर, चोर म्हणून."

त्याने गिटारची एक तार ओढली. कुठलाच सूर नाही, नुसती तार.

"म्हणू द्या," तो म्हणाला. "ते आधीपासून काय चांगलं समजतात मला?"

४

साडेबाराला पाठशाळेची मुलं जेवायला आली.

मी चिडलेली होते. एक तर चोर सापडत नव्हता, त्यात पोळ्या लाटायला बसलेल्या सुनेने, वीणाने, विचारलं, "आई, पुरणपोळ्या किती करू?" मी म्हटलं, "माणशी तीन जास्त धर."

"परवासारखं?"

"परवा काय?"

"परवा सोमवारी पण तुम्ही तीन-तीन जास्त म्हणालात ना. साध्याच होत्या, तरी."

म्हणाले असेन. मी कणीक मोजून भिजवत नाही, हाताला कळतं. एकवीस वर्षांत ह्या हाताचा अंदाज चुकलेला नाही. मुलं पंगतीला बसली. डोक्याचे गोटे, ओल्या शेंड्या, पाठीवर घाटाची वाळू. सकाळपासून गंगेत डुंबत होती. कोपऱ्यातल्याने पहिल्या दोन पोळ्या चावल्या की नाही, देव जाणे.

"परवाही पोहायला गेला होतात?" मी सहज विचारलं.

"परवा, काल आणि आज," कोपऱ्यातला तोंडात घास घेऊन म्हणाला. "तीन दिवस सुट्टी. मागच्या बुधवारी पण होती, तेव्हा क्रिकेट खेळलो. रोज असती तर मजा आली असती."

माझ्या हातातली तुपाची लोटी तशीच थांबली.

इतर दिवशी ही मुलं काय खातात? दोन पोळ्या, भात, हात धुतला की पळाली. दुपारची संथा असते, पोट जड झालं की झोप येते. पण महिन्यातले काही दिवस असतात, जेव्हा ही मुलं लांडग्यासारखी येतात. दुसऱ्यांना ते दिवस पंचांगात बघावे लागतात. मला माझ्या परातीत दिसतात.

मागच्या बुधवारी माझी परात भरलेली होती. परवा सोमवारी आणि काल भरलेली होती. आज भरलेली आहे. गुरुवारी नव्हती. रविवारी नव्हती.

मी लोटी खाली ठेवली आणि अंगणात जाऊन गुढीकडे बघितलं. कललेला तांब्या. त्याच्याखाली रेशमी खण. मागच्या पाडव्याला आदित्यने हीच गुढी कमरेला पट्टा घालूनच बांधली होती. चामडं घालून देवाधर्माचं करू नये म्हणून मी ओरडले होते आणि तो हसला होता.

टेप कुणी घेतली ते कळलं. कुठे आहे ते कळलं. का घेतली हे कळलं तेव्हा मात्र मला पदर डोळ्यांना लावावा लागला. वीणाने विचारलं तर म्हटलं, पुरणाची वाफ गेली.

"रत्नाकरला सांग," मी म्हटलं, "पाच वाजता सगळ्यांनी अंगणात यायचं. आणि गुरुजींना मी स्वतः आणते."

५

पाचला सगळे आले. रत्नाकर मुठी आवळून. शरदिनी नवं लुगडं नेसून, आपली टेप पिशवीत घेऊनच. बिसेसर दाराशी, पिवळं भेंडोळं नव्हतं. आदित्य जिन्याच्या तळाशी, भिंतीला पाठ लावून. गुरुजी आले आणि पाटावर बसले. नातवाकडे बघितलं नाही, नातवाने त्यांच्याकडे बघितलं नाही. काखेत नव्या वर्षाचं पंचांग होतं. पाडव्याला ते वाचून दाखवायचा त्यांचा रिवाज आहे.

"गंगाबाई, काय आहे हे?"

"गुरुजी, तुमची टेप सकाळपासून नाहीये."

रत्नाकर पुढे झाला. "गुरुजी, सांगायला लाज वाटते, पण तुमच्या नातवाने..."

"रत्नाकर, बस," मी म्हटलं. तो बसला. एवढं अजून चालतं.

"बिसेसरने घेतली असती तर टेप केव्हाच रोशनच्या घरी पोचली असती, परत येऊन डबीत बसली नसती. शरदिनीने घेतली असती तर स्वतःची डबी वर ठेवायला कशाला आली असती? रस्ता मोकळाच होता. आणि आदित्यने रॉकसाठी घेतली असती, तर त्याने ती गंगेत टाकली असती. ज्याला नवं स्टेशन नको आहे तो 'कधीच नको' म्हणतो. हा 'उद्या करा' म्हणाला. एकच दिवस. एका दिवसाने त्याचं रॉक कसं वाचणार होतं?"

मी गुरुजींकडे वळले.

"आता तुम्ही सांगा, गुरुजी. मागच्या बुधवारी तिथी कुठली होती?"

"अष्टमी."

"परवा?"

"चतुर्दशी. मध्ये एका तिथीचा क्षय होता."

"काल अमावास्या, आज प्रतिपदा. ह्या दिवशी तुमची पाठशाळा काय करते?"

गुरुजींचे डोळे बारीक झाले. "अनध्याय. ह्या तिथींना वेद शिकवायचा नाही, शिकायचा नाही. हे शेंबड्या पोरालाही..." आणि ते थांबले. हळूहळू रत्नाकरकडे वळले. "संथेची टेप तू आज लावणार होतास?"

"पाडवा म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला..." रत्नाकरचा आवाज खाली गेला. "तुम्ही होय म्हणालात ना."

"टेपेला होय म्हणालो. दिवस मला कुणी सांगितला? मला वाटलं, आज मी पंचांग वाचायचं आणि टेप उद्यापासून. काशीतल्या मराठी घरात हे सांगावं लागेल असं मला वाटलं नाही."

त्याला इंग्रजी शाळेत घातला ती चूक माझी, ती मी तिथेच कबूल करून टाकली. आणि माझी आणखी एक. परातीला जे कळत होतं ते मला दुपारपर्यंत कळलं नाही.

"ह्या अंगणात एकाच माणसाला कळलं होतं," मी म्हटलं. "आठ वर्षं संथा घेतलेल्याला. टेप लागली असती तर गुरुजींच्या तोंडून, सगळ्या गल्लीच्या कानात, अनध्यायाला वेद शिकवला गेला असता. अष्टमीला तपासणीसाठीसुद्धा त्याने ती वाजू दिली नाही. नवमीला जागेवर आणून ठेवली. उद्या द्वितीया. उद्या सकाळी ती आपोआप डबीत सापडली असती. काय रे?"

आदित्य आपल्या पायांकडे बघत होता.

"तोंडाने सांगायला काय झालं होतं तुला?" रत्नाकर म्हणाला.

"काय सांगणार? मी?" आदित्य म्हणाला. "सहा साल से सगळ्यांना सांगतोय, मी हे मानत नाही. मग येऊन म्हणू की आज प्रतिपदा आहे? हसला असतास तू."

"हसलो असतो," रत्नाकरने मान्य केलं.

"मी मानत नाहीच," आदित्य म्हणाला. "पण ते मानतात. त्यांचा आवाज आहे तो."

मी वीणाला म्हटलं, "सूर्य मावळायच्या आत गुढी उतरवायची असते. गुळाचा नैवेद्य दाखव." मग आदित्यकडे वळले. "तूच उतरव. तूच बांधलीस."

त्याने गुढी खाली घेतली. कललेला तांब्या काढला आणि त्यात हात घातला. आतून माझ्या जुन्या रेशमी खणाचा तुकडा निघाला, चार घड्या घातलेला. त्यात टेप.

"दोन दिवस कुठे होती?" मी विचारलं. हे एवढंच मला उमगलं नव्हतं.

"तुमच्या देवघरात. अन्नपूर्णेच्या मागे. आज तुम्ही देव घासायला काढणार, म्हणून हलवली." तो गुरुजींकडे न बघता म्हणाला, "वर सगळं जमिनीवर पडलेलं असतं. चपलांच्या शेजारी आजोबांचा आवाज कसा ठेवू?"

माझ्याच देवघरात, आणि मला पत्ता नाही. पण ते मी गिळलं. सणाचा दिवस होता.

६

गुरुजींनी त्या खणाकडे बघितलं.

"बांधताना पट्टा काढला होतास?"

सहा वर्षांतला पहिला शब्द हा.

"हो."

"हात?"

"धुतले होते."

"केस काप ते."

"नाही कापणार."

"बरं," गुरुजी म्हणाले आणि पाटावरून उठायला हात पुढे केला. रत्नाकर धावला, पण हात त्याच्यासाठी नव्हता. आदित्यने धरला.

सहाला दहा मिनिटं कमी होती. रत्नाकर पुन्हा रडवेला. "पण आई, आता लावू काय? लोक रेडिओ लावून बसलेत."

शरदिनीने पिशवीत हात घातला. गुरुजींनी काखेतलं पंचांग वर धरलं.

"पाडव्याला हे वाचायचं असतं. ह्याला अनध्याय नाही. ते तुमचं बोलायचं यंत्र कुठे आहे?"

जिना ते नातवाच्या खांद्यावर हात ठेवून चढले. बरोबर सहाला माझ्या चुलीशेजारच्या रेडिओतून गुरुजींचा आवाज आला. पाऊस किती, धान्य किती, कुठल्या राशीला साडेसाती. त्यांनी माझी रास वाचली तेव्हा वीणा तोंडाला पदर लावून हसली. मी लक्ष दिलं नाही. मग शरदिनी. टेप नव्हे, समोर बसून गायली, आणि खरं सांगते, एवढी चांगली ती कधी गायली नव्हती. मग काही क्षण रेडिओ नुसताच खरखरत राहिला आणि गुरुजींचा आवाज आला, यंत्र चालू आहे हे त्यांना कळलं नसावं: "आता तू तुझं ते वाजव. आज सुट्टीच आहे. गोंगाटाला तिथी नसते."

मी जिन्याकडे बघितलं. गिटार सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी द्वितीयेला सकाळी सहाला संथा लागली, आणि संपली की पुन्हा लागली. आठला रोशनची माणसं पिवळ्या तारा घेऊन गल्लीत शिरली. खिडकीखिडकीतून गुरुजी एकदा म्हणत होते आणि अकरा पोरं दोनदा. त्या आवाजात दार ठोठवायचं कसं, हे त्यांनाही सुचेना. चाळीसेक घरं तरीही गेलीच; सिनेमाची गाणी कुणाला नको असतात? पण बिसेसर गेला नाही. म्हणाला, माई, उधर पूरनपोली नहीं मिलती.

स्टेशनचं नाव मंगलध्वनीच राहिलं. फक्त गुरुजींनी रत्नाकरला एक कागद लिहून दिला, तो वरच्या खोलीत चिकटवलेला आहे. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या: वेद बंद. खाली दुसऱ्या अक्षरात आदित्यने लिहिलंय: रॉक चालू. पाठशाळेची मुलं त्या दिवशी घाटावरून धावत येतात, आमच्या अंगणात बसून मान हलवत ऐकतात, आणि मग माणशी तीन पोळ्या जास्त खातात. परात मी आदल्या रात्रीच मोठी काढून ठेवते.

गुरुजींना विचारलं तर म्हणतात, मला त्यातलं काही ऐकूच येत नाही, कान गेले माझे. असतील गेले. पण अष्टमीला त्यांच्या घरचा रेडिओ कोण लावतं, हे चाळीस पावलांवरून मला दिसतं.